सहावं कारक

नववीच्या वर्गात सर्व्हेचा नकाशा पसरते,
चार कोपऱ्यांवर चार कंपासपेट्या,
कारण पंखा जोरात फिरतो नाहीतर फिरतच नाही.
पंख्याच्या पात्यावर खाण कंपनीचं नाव. सप्रेम भेट.
तपकिरी रेषेवर बोट ठेवा, मी म्हणते,
एक रेषा म्हणजे एकच उंची.
रेषा जवळ जवळ, तर चढ उभा.
रेषा लांब लांब, तर सायकलवरून उतरावं लागत नाही.

साईश घाडी खिडकीतून बघतो, मग नकाशात,
मग परत खिडकीतून.
"टीचर, हो दोंगर खंय आसा?"

एकशे ऐंशी मीटर. माथ्यावर त्रिकोण, त्रिकोणात ठिपका.
खिडकीत त्या जागी आभाळ आहे.
आभाळाखाली खड्डा, खड्ड्यात पाणी,
पोपटी, देखणं, कुणी उतरू नये असं.
"नकाशा जुन्या आवृत्तीचा आहे," मी म्हणते,
जशी काही डोंगराची नवी आवृत्ती छापायला गेली आहे.

प्रकल्प : आपल्या परिसरातील बदल.
गुण वीस. थर्माकोल वापरू नये.

पोरं सुंभाला हातहाताच्या अंतरावर गाठी मारून
विहिरी मोजत गावभर फिरली.
सिद्धीच्या घरची एकोणीस गाठी.
तिची आई लग्न होऊन आली तेव्हा सात होत्या म्हणे,
पण तेव्हा कोण गाठी मोजत होतं.
कृपेशने खड्ड्याचं पाणी बाटलीत भरून आणलं
आणि बाटलीवर चिकटवलं : पिऊ नका (सर्वांनी).

साईशची वही सगळ्यात पातळ.
पहिल्या पानावर गणित.
एका खेपेला दहा टन. दिवसाला सहा खेपा.
वर्षाचे दोनशे दिवस, पावसात काम बंद. अकरा वर्षं.
एक लाख बत्तीस हजार टन.
खाली, समासाला चिकटून :
"एवढा डोंगर माझ्या बाबांनी नेला. जेटीपर्यंत.
पुढे बार्जने नेला. त्याच्या पुढचं मला माहीत नाही."

दुसऱ्या पानावर पुस्तकातला प्रश्न, पुस्तकातलंच उत्तर.
खननकार्य करणारी कारके :
नदी, वारा, हिमनदी, भूजल, सागरी लाटा,
स्वल्पविराम,
बाबा.

लाल पेन तिथं थांबलं.
इतका वेळ, की कागदावर तिळाएवढा ठिपका उमटला,
बरोबरचाही नाही, चुकीचाही नाही.

प्रदर्शनाला उल्हास घाडी आला, इस्त्रीच्या शर्टात.
खाण बंद झाल्याला तिसरं वर्ष.
ट्रक त्याच्या अंगणात आहे, टपावर तवशाचा वेल चढलाय,
या खेपेला तवशी बरी लागली, असं त्यानंच सांगितलं.
मुलाच्या प्रतिकृतीपुढे तो हात मागे बांधून राहिला,
वर्तमानपत्राच्या लगद्याचा खड्डा, त्यात निळा जिलेटीन कागद.
मग एक हात सुटून पुढे आला
आणि खड्ड्याच्या वर, नुसत्या हवेत, चढायला लागला.
"हांगा पयलो गियर.
हांगा काजूचं झाड, उजवीकडे वळण, समोरून भरलेली गाडी येणार,
तिला वाट द्यायची.
इथं सपाट, इथं पाणी प्यायचो.
इथून परत पयलो."

साईश तपकिरी पेन्सिल घेऊन बापाच्या बोटामागून
चार्टपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर धावत होता.
मी पंखा बंद केला.

बोट एका जागी येऊन अडलं.
"माथा?" साईशने विचारलं.
"माथा मी बघितला नाही रे.
मी कामाला लागलो तेव्हा माथा गेलेला."

मागे, बाटल्यांच्या टेबलाशी,
कृपेशच्या आजोबांनी घसा खाकरला.